वर्गातल्या चांगल्या शिकवण्याची दखल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या वरिष्ठ महाविद्यालयांतून हे प्रश्न येत असतात. काही व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, काही कॅप सेंटरवर पेपर तपासताना चहाच्या वेळी निघतात, आणि एक-दोन संस्थाचालकांनी विचारलेत, तेही 'माझं नाव नको' या अटीवर. मी रसायनशास्त्र शिकवतो. काही वर्षं आमच्या महाविद्यालयाच्या आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं काम सांभाळतोय, म्हणून लोक मला गाठतात. अधिकृत उत्तर हवं असेल तर परिपत्रक वाचा. इथे नियमांच्या जोडीला माझं मतही आहे.

१. उत्कृष्ट अध्यापन म्हणजे नक्की काय? छान बोलणारे सर म्हणजे उत्कृष्ट शिक्षक का?

छान बोलणं हा गुण आहेच, पण तेवढ्यावर ठरवू नका. या शिकवण्यामुळे मुलांना असं काय करता यायला लागलं जे आधी येत नव्हतं, हे विचारा.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सर होते. बोलणं साधं, फळ्यावरचं अक्षर यथातथाच. पाण्याचा जडपणा मोजायचं प्रात्यक्षिक बहुतेक ठिकाणी असं होतं : प्रयोगशाळेतला तयार नमुना घ्यायचा, टायट्रेशन उरकायचं आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उत्तर जुळवायचं. हे सर दिवाळीच्या सुट्टीला निघालेल्या प्रत्येक पोराच्या हातात रिकामी बाटली द्यायचे. "गावच्या बोअरचं भरून आण." सुट्टी संपली की टेबलावर चोपड्याची बाटली, शिंदखेड्याची बाटली, तळोद्याकडची बाटली, प्रत्येकीवर चिकटपट्टीने लावलेलं गावाचं नाव. बफर घालायचं, एरिओक्रोम ब्लॅक टीचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून ईडीटीए थेंबाथेंबाने सोडत वाईनसारखा लाल रंग निळा होतो तो क्षण पकडायचा. हे उत्तर कुठल्याच जुन्या जर्नलमध्ये नसायचं, कारण ते पाणी आधी कुणी तपासलेलंच नव्हतं. आकडा आला की सर सांगत, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुझ्या गावाचं काय? एका मुलीचा आकडा ६०० च्या वर गेला. तिने कुणी न सांगता आणखी दोनदा टायट्रेशन केलं.

मला विचाराल तर उत्कृष्ट अध्यापन ते होतं. त्या सरांना नोकरीभरात एकही पुरस्कार मिळाला नाही. त्यांच्याबद्दल पुन्हा प्रश्न १७ मध्ये.

२. शाल-श्रीफळ देतोच की ५ सप्टेंबरला. आणखी काय हवं?

शाल-श्रीफळ द्या, माझी तक्रार नाही. पण त्यात दखल कितपत असते ते बघा. भाषणात साने गुरुजींचं नाव येतं, टाळ्या होतात, फोटो स्थानिक आवृत्तीत छापून येतो. गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिकवताना वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढलं. आजच्या सत्कारमूर्तीने वर्गात असं नेमकं काय केलं, हे मात्र त्या मंचावर कुणी सांगत नाही. 'विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ, अभ्यासू' ही तीन विशेषणं कुणालाही लागतात.

दखल म्हणजे कुणीतरी पाहिलं, समजून घेतलं आणि लिहून ठेवलं. बक्षीस म्हणजे त्यामुळे त्या माणसाला काही मिळालं : बढतीत वजन, थोडा निधी, थोडा मोकळा वेळ. आपल्याकडे पहिली पायरी गाळून थेट मंच बांधला जातो.

३. पदोन्नतीत शिकवण्याचं मूल्यमापन होतंच ना?

होतं, पण कशाचं होतं ते बघा. यूजीसीच्या जुलै २०१८ च्या नियमावलीत शिकवण्याची प्रतवारी अशी आहे : नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगले', ७० ते ८० मध्ये 'समाधानकारक', ७० च्या खाली 'असमाधानकारक'. जोडीला विद्यार्थ्यांशी संबंधित किंवा संशोधनाशी निगडित उपक्रम मोजतात. म्हणजे तास झाला का, हे विचारलं जातं. तासात काय झालं, ही चौकशी या तक्त्यात नाही.

तास बुडवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून हे ठीक आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण बाटल्या वाटणारे सर आणि दहा वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवणारे सर, दोघांनीही ९० टक्के तास घेतले असतील तर कॅसच्या, म्हणजे बढती योजनेच्या फाइलीत दोघं सारखेच 'चांगले'.

गंमत अशी की महाविद्यालयाचं मूल्यांकन होतं तेव्हा हिशेब उलटा असतो. नॅक या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या २०१७ पासूनच्या चौकटीत संलग्न महाविद्यालयाला १००० पैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या निकषाला होते, संशोधन-विस्ताराला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे संस्थेची श्रेणी शिकवण्यावर उभी, आणि ती श्रेणी मिळवून देणाऱ्या माणसाची बढती मात्र तासांच्या टक्केवारीवर आणि कागदांवर.

४. एक शोधनिबंध आणि एक नवी अध्यापनपद्धती, फाइलीत कोणाचं वजन जास्त?

शोधनिबंधाचं. त्याच २०१८ च्या नियमावलीतल्या दुसऱ्या तक्त्यात मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या एका निबंधाला विज्ञान शाखांत ८ आणि भाषा-मानव्य शाखांत १० गुण आहेत. नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती विकसित केली तर ५, नवा अभ्यासक्रम तयार केला तर २. महाविद्यालयात प्रोफेसरपदावर जायला किमान १० निबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. माणूस संध्याकाळचे दोन तास कुठे घालवेल, ते सांगायला ज्योतिषी नको.

एक अपवाद लक्षात ठेवा. चार श्रेयांकांचा पूर्ण 'मूक' (MOOC) अभ्यासक्रम, म्हणजे 'स्वयम्' पोर्टलवर असतात तसा सर्वांना खुला ऑनलाइन अभ्यासक्रम, तयार केला तर २० गुण आहेत. त्यात कष्ट प्रचंड आहेत, पण शिकवण्याच्या कामाला या तक्त्यात मिळणारा तोच भरघोस आकडा.

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नवा मसुदा आणला. त्यात उल्लेखनीय योगदानाच्या क्षेत्रांमध्ये नावीन्यपूर्ण अध्यापनाचा स्वतंत्र उल्लेख होता. दिशा बरी आहे. पण मसुद्याच्या भरवशावर फाइल लावू नका. तुमची कॅस ज्या नियमावलीखाली येते तीच धरा.

५. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार फक्त शाळेतल्या गुरुजींनाच असतो ना?

१९५८ पासून बरीच वर्षं तसंच होतं. २०२३ पासून उच्च शिक्षणातल्या शिक्षकांनाही तो मिळू लागला : त्या वर्षीच्या ७५ मध्ये १३, आणि २०२४ च्या ८२ मध्ये १६ जण उच्च शिक्षणातले होते. प्रमाणपत्र, ५०,००० रुपये आणि रौप्यपदक, ५ सप्टेंबरला दिल्लीत.

नामांकन राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन करायचं असतं. नियमित शिक्षक, किमान ५ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, वय ५५ च्या आत. प्राचार्य-कुलगुरूंना अर्ज करता येत नाही. दर वर्षीची अधिसूचना एकदा डोळ्यांखालून घालाच. आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. अर्जात 'अध्यापनाची परिणामकारकता' दाखवा म्हणतात आणि आपल्याजवळ दाखवायला कागदच नसतो. त्यासाठी प्रश्न १० पाहा.

राज्य शासनाचा सावित्रीबाई फुले यांच्या नावाचा गुणगौरव पुरस्कार शालेय शिक्षकांसाठी आहे. दर वर्षी कुणीतरी सीनियरचे सर त्याची चौकशी करतात, म्हणून लिहिलं.

६. 'इंटरनॅशनल बेस्ट टीचर अवॉर्ड'चा मेसेज आला आहे. नोंदणी फक्त २,५०० रुपये. घ्यावा का?

नाही. तुमचा तास न बघता, तुमच्या एकाही विद्यार्थ्याशी न बोलता, फी भरल्यावर मिळतं ती पावती असते. फक्त फ्रेम चांगली असते. फाइलीत लावलात तर समितीतल्या जाणत्या माणसाच्या नजरेत उरलेली फाइलही संशयास्पद होते.

७. विद्यार्थ्यांचा फीडबॅक घेतोच. त्यावरूनच पुरस्कार ठरवला तर?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांब.

आधी घरचं. एका महाविद्यालयात मला फीडबॅकचा गठ्ठा बघायला मिळाला. साठ फॉर्म. साठही फॉर्मांवर सगळ्या प्रश्नांना पाचपैकी पाच, एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या खुणेने. एकदा तर कंसात 'सर चांगले आहे' असं लिहिताना झालेली खाडाखोडही दोन फॉर्मांवर सारखीच होती. नॅकची तारीख जवळ आली की हे असं होतं. नॅक स्वतः विद्यार्थ्यांना ईमेलने समाधान सर्वेक्षण पाठवू लागली, त्यामागे हेही एक कारण असावं.

पण फॉर्म प्रामाणिकपणे भरले तरी काळजी घ्यावी लागते. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास आहे. मुलांना स्वतः प्रश्न सोडवायला लावणाऱ्या तासांत मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. गुळगुळीत व्याख्यानात उलटं झालं. डोकं खाजवायला लावणाऱ्या सरांना फीडबॅकमध्ये कमी गुण का पडतात, ते यावरून कळतं. २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमात एक पुरुष आणि एक महिला शिक्षक यांनी आपापल्या एका गटापुरती नावांची अदलाबदल केली. मुलांनी पुरुषाचं नाव असलेल्याला जास्त गुण दिले, शिकवणारं कुणीही असो. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण आपल्या फॉर्मांतला 'वर्गावर नियंत्रण' हा रकाना मॅडम लोकांच्या बाबतीत काय मोजतो, याचा विचार जरूर करावा.

म्हणून फीडबॅक घ्या, वाचा, शिक्षकाला द्या. पुरस्कारासाठी त्याला तीनपैकी एक पाय समजा. दुसरा पाय प्रश्न ९, तिसरा प्रश्न १०.

८. मग फीडबॅक कधी आणि कसा घ्यावा?

सत्राच्या मध्यावर, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. शेवटी घेतलेल्या फीडबॅकचा त्या मुलांना काही उपयोग नसतो. प्रश्न मराठीत आणि थोडेच : कुठला भाग समजला? कुठे अडलात? सरांनी काय चालू ठेवावं, काय बदलावं? 'शिक्षकाचं विषयज्ञान कसं आहे?' हे बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारून काय मिळणार? तिला फार तर आपल्याला काय कळलं नाही ते सांगता येईल. आणि पुढच्या तासाला 'तुम्ही हे लिहिलंत, म्हणून मी हे बदलतोय' असं एक वाक्य वर्गात बोला. पुढच्या खेपेला फॉर्म नीट भरले जातात.

९. सहकाऱ्याने आपल्या वर्गात बसायचं म्हणजे तपासणीच झाली की!

भीती खरी आहे. आपल्याकडे वर्गात बाहेरचा माणूस येतो तो बहुधा चौकशीलाच, त्यामुळे मागच्या बाकावर कुणी बसलं की फळ्यावरचा खडू थरथरतो. माझाही थरथरला होता.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आणि मग जमलं. पहिली, बसणारा माणूस ज्याच्या वर्गात बसायचं त्यानेच निवडायचा, आणि तो शक्यतो दुसऱ्या विषयाचा. माझ्या वर्गात भूगोलाचे सर बसले. त्यांना रसायन येत नाही म्हणून ते मुलांकडे बघत होते. "पंख्याखालच्या दोन ओळी लिहीत होत्या, खिडकीकडची मुलं पस्तीस मिनिटं नुसती बसून होती," असं ते म्हणाले. बावीस वर्षांत मला हे दिसलं नव्हतं. दुसरी, तासाआधी दहा मिनिटं भेटायचं आणि आज काय बघायचं ते शिक्षकानेच सांगायचं. तिसरी, जे लिहिलं ते शिक्षकाच्या हातात द्यायचं. प्राचार्यांकडे जाणार नाही. पुरस्कारासाठी वापरायचं का, हे शिक्षकाने ठरवायचं.

शेवटची अट काही प्राचार्यांना पटत नाही. पण ती काढली की सगळे जण त्या दिवशी ठेवणीतला तास घेतात.

१०. अध्यापनाचा पुरावा म्हणून काय जपून ठेवायचं?

आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी त्या ओव्या कागदावर उतरवल्या म्हणून आपल्यापर्यंत पोचल्या. तुमचा तास उतरवून घ्यायला कुणी येणार नाही, ते काम तुम्हालाच करायचं आहे.

एक पातळ फाइल पुरे. त्यात तुम्ही कशासाठी आणि कसं शिकवता याचं एक पान. एखाद्या घटकाची जुनी आणि नवी टाचणं, आणि का बदललं याच्या दोन ओळी. मुलांच्या उत्तरांचे पाच-सहा नमुने, सत्राच्या सुरुवातीचे आणि शेवटचे, नावं झाकून. फसलेल्या एका प्रयोगाची नोंदही ठेवा. मी समितीवर असतो तेव्हा ते पान आधी उघडतो. सेमिनारच्या प्रमाणपत्रांची चळत मात्र यात नको. तिची जागा कॅसच्या फाइलीत.

११. ज्याचा निकाल १०० टक्के, तोच उत्कृष्ट. इतकं सोपं का करत नाही?

कारण वर्गात आलेली मुलं सारखी नसतात. जळगाव शहरातल्या जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयात बारावीला ८५ टक्के असलेल्यांचा वर्ग असतो. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या वर्गात घरातली पहिलीच शिकणारी मुलं असतात, आणि त्यांतली काही उसाच्या तोडीला गेलेल्या आईबापांबरोबर दोन-तीन महिने गैरहजर. दुसरीकडचा ६२ टक्के निकाल पहिल्या ठिकाणच्या ९८ पेक्षा मोठं काम असू शकतो. तुलना करायचीच तर मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि गेलं तेव्हा कुठे, याची करा.

दुसरी मेख. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या शिक्षकांकडे वाटतात. तिथल्या आकडेवारीवरचा २०१० चा अभ्यास सांगतो की कॅल्क्युलसच्या पहिल्या अभ्यासक्रमात कमी अनुभवी शिक्षकांच्या मुलांना जास्त गुण मिळाले आणि शिक्षकांना फीडबॅकही चांगला मिळाला. पण पुढच्या अभ्यासक्रमांत अनुभवी शिक्षकांची मुलं सरस ठरली. 'आयएमपी' प्रश्न सांगून निकाल लावणारे सर आपल्याकडेही लोकप्रिय असतात. त्यांची मुलं पुढच्या वर्षी ज्याच्या वर्गात येतात त्याला विचारा.

१२. वर्गात अहिराणीत समजावलं तर दर्जा कमी धरला जातो का?

धरतात काही जण. चूक आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलाचं घर अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली किंवा तडवी बोलतं. शाळा मराठी होती, आणि विज्ञान-वाणिज्याची पुस्तकं इंग्रजी. ही तीन पायऱ्यांची चढण त्याने एकट्याने चढायची असते. "समजनं का?" एवढ्या दोन शब्दांनी मागच्या बाकावरचं पोरगं मान वर करतं, हे ज्याने पाहिलंय त्याला दर्जाचं वेगळं सांगावं लागत नाही. एक मॅडम संकल्पना आधी मुलांच्या बोलीत बोलून घेतात, मग मराठीत लिहून घेतात, शेवटी इंग्रजी संज्ञा फळ्यावर. उताराच्या वाफ्यात पाणी जास्त झिरपतं कुठे, हे केळीच्या शेतातलं पोरगं आधी बोलीत सांगतं आणि मग 'इन्फिल्ट्रेशन' हा शब्द त्याला चिकटतो. परीक्षा इंग्रजीतच द्यायची असते, म्हणून शेवटची पायरी गाळून चालत नाही. ती गाळणाऱ्याला मी उत्कृष्ट म्हणणार नाही.

पुरस्काराच्या निकषांत 'प्रभावी इंग्रजी संभाषण' असा रकाना असेल तर तो इंग्रजी विभागापुरता ठेवा. समितीतला निदान एक माणूस तरी तिथल्या मुलांची बोली कळणारा असावा, नाहीतर तास बघून त्याला काय उमजणार?

१३. मी तासिका तत्त्वावर आहे. माझा यात काही संबंध आहे का?

राष्ट्रीय पुरस्कारात नाही (प्रश्न ५), कॅस तर तुम्हाला लागूच नाही. महाविद्यालयाच्या स्वतःच्या पुरस्कारात मात्र तुम्हाला वगळण्याचं एकही सरकारी कारण नाही; फक्त निकषांत 'पूर्णवेळ' हा शब्द कुणीतरी सवयीने टाकलेला असतो. तो काढायला सांगा. आमच्याकडे पहिल्या वर्षाचे कितीतरी तास सीएचबीचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे लोक घेतात. मुलं टिकतात की गळतात, ते तिथेच ठरतं.

प्राचार्यांना एक विनंती. सीएचबी शिक्षकाच्या वर्गात कुणी बसणार असेल तर प्रश्न ९ मधली तिसरी अट दुप्पट कडक पाळा. त्याची पुढच्या वर्षीची नेमणूक तुमच्या सहीवर असते, त्यामुळे 'मोकळेपणाने चर्चा करू' हे त्याला मोकळं वाटत नाही. रोख बक्षिसापेक्षा त्याला उपयोगी पडेल ते सविस्तर पत्र : कोणता पेपर शिकवला, काय नवीन केलं, त्याचा काय परिणाम दिसला. अनुभवाच्या दाखल्यातल्या दोन ओळींनी मुलाखतीत काही होत नाही.

१४. निवड समितीत कोण असावं? आमच्याकडे दर वर्षी ठरलेल्याच माणसाला मिळतो.

बाहेरच्या महाविद्यालयाचा एक शिक्षक, दोन माजी विद्यार्थी (पास होऊन तीन-चार वर्षं झालेले, म्हणजे गुणांची भीती गेलेले) आणि आधी पुरस्कार मिळालेला एक जण. संस्थेचे पदाधिकारी नकोत. उमेदवार कुणाचा नातेवाईक असेल तर त्या सदस्याने उठून जायचं. आपल्या भागात भाचा-जावई निघणारच, म्हणून हे आधीच लिहून ठेवा. निवडीचं कारण अर्धं पान लिहून सूचनाफलकावर लावा. ते अर्धं पान लिहिता येत नसेल तर निवड चुकली आहे.

१५. पैसेच नाहीत. लहान महाविद्यालयाने काय द्यावं?

वेळ द्या. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं, सहयोगी आणि वरच्यांना १४. तो भार कमी करता येत नाही, पण वेळापत्रक नीट लावता येतं : सलग दोन तासांचं प्रात्यक्षिक त्याला हवं त्या दिवशी, परीक्षेच्या कामातून एक सत्र सुट्टी, ध्वजनिधी आणि फलकलेखन समितीतून सुटका. पाच-सात हजारांचा निधी जमला तर तो वर्गातल्या प्रयोगासाठी द्या आणि पावत्यांसाठी छळू नका.

१६. उत्कृष्ट शिक्षक निवडला आणि लगेच त्यालाच परीक्षा विभाग, नॅक, एनएसएस दिलं. हे बरोबर आहे का?

नाही. पण सगळीकडे हेच होतं, माझंही असंच झालं. काम करणाऱ्याला काम, हा आपल्याकडचा जुना न्याय. पुरस्कारानंतर दोन वर्षं त्या माणसाचे वर्गातले तास कमी होणार नाहीत आणि नवीन समन्वयकपद त्याला द्यायचं नाही, असं निकषांतच लिहा.

याच्या शेजारचा एक अडचणीचा प्रश्न. प्रयोग दोघा-तिघांनी मिळून उभा केला असेल तर पुरस्कार कोणाचा? विभागून द्या. इंग्लंडमध्ये व्यक्तीला २००० पासून राष्ट्रीय अध्यापन फेलोशिप मिळते, आणि २०१६ पासून गटासाठी वेगळा सन्मान सुरू झाला. ही अडचण त्यांनाही आलीच असणार. आपल्या यादीत प्रयोगशाळा सहायकाचं नाव घालायला विसरू नका. आणि उमेदवाराविरुद्ध विद्यार्थिनीची तक्रार अंतर्गत समितीपुढे प्रलंबित असेल तर निकाल लागेपर्यंत नाव बाजूला ठेवा, निर्दोष ठरला तर पुढच्या वर्षी आपोआप विचारात घ्या. दोन्ही गोष्टी लेखी.

१७. सर निवृत्त झाले. तेव्हा कुणी काही दिलं नाही. आता काही करता येईल का?

राष्ट्रीय पातळीवर नाही. महाविद्यालयात करता येतं. पहिल्या प्रश्नातले सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी गेलो, तर माळ्यावर एक वही निघाली. दर वर्षीची गावं, मुलांची नावं, आकडे, आणि समासात सरांच्या शेरेवजा नोंदी : 'याने बफर विसरला', 'हिने तिसऱ्यांदा केलं'. एकाच गावाच्या पाण्याचे बारा-तेरा वर्षांचे आकडे एका रांगेत. मुलांची नावं झाकून त्यातली सोळा पानं आम्ही प्रयोगपुस्तिकेत घातली, आणि नव्या शिक्षकांना पहिल्या आठवड्यात सरांनीच येऊन दोन तास ते प्रात्यक्षिक दाखवलं, रीतसर मानधन देऊन. सरांचं नाव मुखपृष्ठावर छापायचं की आतल्या पानावर, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी मुखपृष्ठावर छापलं. या दिवाळीच्या बाटल्या मी आणून ठेवल्यात, एकशे दहा आहेत, चिकटपट्टी अजून आणायची आहे.